चित्रात नसलेल्या तिघी

एकदा एका वृद्ध छायाचित्रकाराकडे एक तरुण शिष्य रात्रीचे छायाचित्रण शिकत होता. दिवसा गर्दीने झाकलेले शहर अंधार पडल्यावर आपले खरे रूप दाखवते, अशी या शिष्याची श्रद्धा होती. तिवईवर कॅमेरा लावून तो पूल, घाट, बंद पेठा टिपत हिंडे. त्याचे सर्वांत गाजलेले चित्र फुलबाजाराच्या चौकाचे होते. पिवळ्या दिव्यांखाली चकाकणारी फरशी आणि चिटपाखरूही नाही. चित्राला पारितोषिक मिळाले. वर्तमानपत्राने ते पहिल्या पानावर छापले आणि खाली वेळही दिली : पहाटेचे तीन.

आठवड्याने साळूबाई नावाची एक सफाई कामगार ते वर्तमानपत्र घेऊन दोघांसमोर उभी राहिली. ती आणि तिच्या दोन सोबतिणी रात्री बारापासून तोच चौक झाडत असत. स्वच्छता निरीक्षकाने चित्र पाहिले आणि तिघींना कामावरून काढण्याची नोटीस बजावली. पहाटे तीनला चौकात कोणीच नव्हते, हा त्याचा छापील पुरावा. खुलासा सोमवारपर्यंत द्यायचा होता. एकदा रात्री चौकात जाऊन पाहावे, निदान मुकादमाला विचारावे, एवढेही कष्ट त्याने घेतले नव्हते. कागद हाती आला की माणसाला विचारायची गरज नाही, असे मानणाऱ्यांच्याच टेबलावर नेमके नोटिशींचे शिक्के असतात.

“दादा, आम्ही तिथंच होतो की,” साळूबाई शिष्याला म्हणाली. “तुमच्या त्या तीन पायांच्या घोड्याला वळसा घालून झाडलं. मग फोटूतून आम्हालाच का काढलं?”

शिष्य ओशाळला. झाडणाऱ्या बायका त्याला आठवत होत्या. पण कॅमेरा सलग दोन मिनिटे उघडा ठेवला की स्थिर वस्तू तेवढ्या उमटतात आणि हलती माणसे विरून जातात. चौक रिकामा दिसावा म्हणूनच तर त्याने ती युक्ती योजली होती. मी कुणाला काढलेले नाही, हा यंत्राचा गुण आहे, असे तो सांगू लागला. आणि त्या कार्यालयाच्या भानगडीत आपण कशाला पडायचे, असेही पुटपुटला.

आज रात्री किती वाजता याल, एवढेच वृद्धाने साळूबाईला विचारले.

रात्री त्याने शिष्याला त्याच जागी कॅमेरा लावायला सांगितले. दोन मिनिटे, पूर्वीसारखीच. मग साळूबाईच्या हातातला खराटा मागितला. ती देईना. त्याने तो काढूनच घेतला, तिला चौकातल्या कारंज्याच्या कठड्यावर बसवले, हलू नकोस म्हणून बजावले आणि सत्तरी उलटलेला तो माणूस वाकून चौक झाडू लागला.

“बाबा, खराटा असा धरत नाहीत,” साळूबाई ओठ न हलवता म्हणाली. “उद्या कंबर धरंल.”

चित्र उमटले. कठड्यावर साळूबाई स्वच्छ दिसत होती, पदराच्या चुण्यांसकट. वृद्ध कुठेही नव्हता.

“मी आज कामावर गैरहजर होतो का रे?” त्याने धापा टाकत विचारले.

शिष्याची मान खाली गेली.

“ती बसली, म्हणून दिसली. मी राबलो, म्हणून पुसला गेलो. यंत्राचा तो स्वभावच आहे, त्याला बोल लावू नये. पण तो स्वभाव तुला ठाऊक होता, निरीक्षकाला नव्हता. जाणणारा गप्प बसतो तेव्हा न जाणणाऱ्याचा निवाडा खरा ठरतो. आणि स्वतःचं चित्र तरी तू नीट पाहिलंस का? संध्याकाळी इथं घोटाभर देठं आणि पाकळ्या असतात. जिचं गावभर कौतुक झालं, ती फरशी लख्ख कुणी केली?”

सोमवारी शिष्य साळूबाईबरोबर कार्यालयात गेला. सोबत दोन्ही चित्रे आणि सहीचा लेखी जबाब होता. पारितोषिक देणाऱ्यांनाही त्याने कळवले होते की चौक रिकामा नव्हता. कागद नोंद करून ठेवून जा, पुढे पाहू, असे निरीक्षकाने नेहमीप्रमाणे सांगून पाहिले. शिष्य हलला नाही. दुसरे चित्र पुढे सरकवून म्हणाला, यात माझे गुरू चौक झाडत आहेत.

निरीक्षकाने चष्मा लावला, चित्र खिडकीच्या उजेडात धरले, उलटसुलट करून पाहिले. “कुठं आहेत?”

“तेच सांगायला आलोय, साहेब.”

निरीक्षकाने जबाब वाचला आणि पुन्हा चित्रातल्या त्या कठड्याकडे नि भोवतीच्या मोकळ्या फरशीकडे पाहिले. मग त्याने नोटीस मागवून घेतली, तिच्यावर आडवी रेघ मारली आणि समोरची खुर्ची साळूबाईकडे सरकवली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्याने तिला काही विचारले.

“रात्री किती जणी असता तुम्ही?”

“तिघीच, साहेब,” ती खुर्चीच्या कडेवर टेकत म्हणाली. “चौक मोठा आहे.”