सोन्याचा सिंह आणि दोन रब्बी

एका राज्यात यहुदी लोक राहत, आणि त्या राज्यात तलवारीपेक्षा वादाला मान होता. त्यांच्या धर्मगुरूंना रब्बी म्हणत. रब्बींच्या सभेत दोघे थोर. पल्टिएल ताठ कण्याचे, वचनाचे पक्के. अवनेर मऊ बोलीचे, दयेकडे झुकणारे. एकाने हो म्हणावे, दुसऱ्याने नाही म्हणावे, आणि वाद संपला की दोघांनी एकाच ताटात जेवावे.

एकदा राजकन्या तिर्झाने भर दरबारात बापाचा निवाडा चूक म्हटला. राजाने रागात शपथ वाहिली, "हिचे तोंड पुन्हा पाहणार नाही." राजकन्या डोंगरापलीकडे गेली. राग ओसरला, तसा राजाला घास गोड लागेना. त्याने रब्बींना विचारले, "शपथ सुटेल का?"

पल्टिएल म्हणाले, "सुटणार नाही. राजाचा शब्द मोडला, तर प्रजेचा कोण पाळील?"

अवनेर म्हणाले, "सुटेल. रागात माणूस आपल्यापाशी नसतो. जो तिथे नव्हताच, त्याची शपथ कसली?"

सभा वाद करीत राहिली. राजा कंटाळला. तेव्हा नाहाश नावाचा मांत्रिक सोन्याचा सिंह घेऊन आला. म्हणाला, "महाराज, हा एका प्रश्नाला एकच उत्तर देतो." राजाने विचारले. सिंह गरजला, "शपथ पाळ."

लोकांची रीघ लागली. पण सिंहावर शाप होता. त्याचे उत्तर जो घेई, त्याच्या जिभेवरचा प्रश्न कायमचा वाळून जाई. वैद्य रोग्याला विचारीना, न्यायाधीश साक्षीदाराला विचारीना, आई रडत्या लेकराला विचारीना. नाहाश सांगे ते सारे मुकाट करीत. मग नाहाशने सिंह तीन दारांआडच्या एका गुहेत नेऊन ठेवला. रब्बी एकेक करून सिंहाशी वाद घालायला तिथे गेले, ते परत आलेच नाहीत. उरले दोघे.

एका सकाळी हुदहुद पक्षी त्यांच्या खिडकीत उतरला. म्हणाला, "सिंहाला दोन खरी उत्तरे सोसत नाहीत. पण प्रत्येक उत्तर विरोधकाच्या मुखातून यावे लागते. वाटेत अग्नी आहे, पाणी आहे. निघा."

दोघे निघाले. पहिल्या दाराशी अग्नी होता. तो म्हणाला, "लिहिलेले सारे मी खातो." अवनेरांनी पोथ्या उराशी धरल्या. त्यांचे डोळे भरले.

पल्टिएल म्हणाले, "द्या. गुरूने आपल्याला तोंडी शिकवले, ते कशासाठी?" पोथ्या जळाल्या. अग्नीने वाट दिली.

दुसऱ्या दाराशी विस्मृतीची नदी होती. तिचे पाणी पायाला लागे, तसे पाठ पुसले जात. दोघांनी हात धरले आणि मोठ्याने म्हणू लागले. मध्यावर पल्टिएल थबकले. "अवनेर, पुढे काय?" अवनेरांनी पुढचा पाठ म्हटला. काही पावलांवर अवनेर अडखळले, तेव्हा पल्टिएलांनी त्यांना सावरले. एकटा असता तर बुडाला असता. दोघे पार झाले.

तिसरे दार गुहेचे. आत सिंह बसला होता. भोवती दगडी पुतळे उभे होते. ते सारे सभेतले रब्बी होते. प्रत्येकाने इथे आपलेच मत मांडले होते.

सिंह म्हणाला, "राजाची शपथ सुटेल की नाही?"

पल्टिएल पुढे झाले. "सुटेल," ते म्हणाले. "क्रोध हा चोर आहे. चोराने केलेला करार घरधन्याला बांधत नाही. शिवाय शपथ बापाने घेतली आणि शिक्षा लेकीला झाली. हा न्याय नव्हे." अवनेरांनाही आपली बाजू इतकी चांगली मांडता आली नव्हती.

मग अवनेर बोलले. "सुटणार नाही. आज दयेने एक गाठ सोडली, तर उद्या लोभ दहा सोडील. दुबळ्याच्या हाती बलवंताचा शब्द तेवढाच असतो. तोही गेला, तर त्याने कुठे जावे?"

सिंह डावीकडे वळला, उजवीकडे वळला. मानेला तडा गेला. सोन्याची राख झाली, नाहाशचा धूर झाला. पुतळ्यांनी श्वास घेतला आणि तिथेच वादाला सुरुवात केली.

राजवाड्यात राजाच्या तोंडून प्रश्न फुटला, "माझी तिर्झा कुठे आहे? जेवली असेल का ती?"

सभा भरली, मते घेतली. अवनेरांच्या बाजूला जास्त झाली. शपथ सुटली. राजकन्या दारात आली, तेव्हा राजा सिंहासनावरून उतरून धावला.

तिर्झा म्हणाली, "बाबा, तुमचा तो निवाडा मला अजूनही चूकच वाटतो."

"का ते सांग," राजा म्हणाला. "आधी बस."

पुढे पाठशाळेत अवनेर शपथेचा पाठ देत, तेव्हा पल्टिएलांचे मत आधी सांगत आणि आपले मागून. एकदा पल्टिएलांनी विचारले, "माझे मत हरले. मग ते का शिकवता?"

अवनेर म्हणाले, "पुढे एखादा राजा रोज शपथ घेईल आणि रोज मोडील. त्या दिवशी लोक तुम्हाला शोधतील. तुम्ही सापडायला हवेत."

पल्टिएल खाली शिष्यांच्या ओळीत जाऊन बसले आणि म्हणाले, "पुन्हा सांगा. मला तुमचे मत नीट पाठ करायचे आहे."