गळतीचा फलक

माणसांना फलक लावण्याचा नाद लागला, त्याच्या पुष्कळ आधीची ही गोष्ट. एका तळ्याचा बांध गळू लागला. मरळ मासोळीची पिल्लं अजून लहान होती. घाबरून तिने तळ्याचे निवडून आलेले सदस्य, तुरेराव कोंबडे, यांना हाक मारली.

तुरेराव बांधावर चढून आरवले, "बंधुभगिनींनो, गळतीची पाहणी केली आहे!" दुसऱ्या दिवशी आरवले, "गळतीची गंभीर दखल घेतली आहे!"

"दादा, दखल राहू द्या, दोन ढेकळं टाका," मरळ वैतागली. "पिल्लांच्या पाठी उघड्या पडल्यात."

"ताई, काम लोकांना दिसायला नको? आधी फलक लागेल."

फलकाच्या खांबांसाठी खेकड्याने बांधातच दोन खड्डे खणले. आता पाणी तीन वाटांनी धावू लागलं. मरळ पिल्लांना घेऊन त्याच पाण्याबरोबर कशीबशी खालच्या ओढ्यात पोचली.

तळं कोरडं पडलं. तुरेराव फलकावर चढले. "कळवण्यास आनंद होतो की गळती पूर्णपणे थांबली आहे! सहकार्याबद्दल आभार!" काठावरच्या बेडकांनी सवयीने टाळ्या वाजवल्या.

ओढ्यात मरळीने पिल्लांना जवळ घेतलं. "इथे काही गळलं, तर आरडाओरडा करायचा नाही. तो ऐकेल."