उभे राजे, आडवे राजे

बेढब या शब्दाचा अर्थ लठ्ठ असा नाही. लठ्ठ माणसाची मान, हात, पोट ही सारी एकमेकांशी सलोख्याने वाढलेली असतात. ज्याच्या रुंदीने उंचीला न विचारताच वाट धरली, तो बेढब. उंबरगडच्या मानाजीराजांना हा भेद ठाऊक नव्हता, आणि त्यापायी त्यांच्या स्वयंपाकीणबाईंची वीस वर्षांची चाकरी जायची वेळ आली.

राजांची एकसष्टी झाली. समारंभाची छायाचित्रे पुतण्याने इंटरनेटवर चढवली. राजांनी घरच्या संगणकावर ती उघडली, तो समोर फेटा बांधलेला एक रांजण उभा!

"हा कोण?" राजांनी विचारले.

"आपणच, सरकार," कारभारी त्रिंबकराव म्हणाले. "छायाचित्र अगदी स्वच्छ आले आहे."

त्रिंबकरावांनी पान मिटून पुन्हा उघडले. संगणक बंद करून पुन्हा चालू केला. रांजण जागचा हलला नाही. तेव्हा राजांनी द्वारकाबाईंना बोलावणे पाठवले. त्या पिठाचे हात पदराला पुसत आल्या.

"द्वारकाबाई, पाहा. हे तुमच्या तुपाचे काम आहे."

"एवढं वाढलं होतं का मी?" द्वारकाबाई पडद्याकडे पाहत पुटपुटल्या.

"परवा दुपारपर्यंत मी याच पडद्यावर बारीक दिसलो पाहिजे. नवे छायाचित्र काढायचे नाही, यातली एक रेघही खोडायची नाही. जमले नाही, तर तुम्ही आपल्या गावी जा. मी उकडलेल्या भाज्या खाईन."

द्वारकाबाईंना गाव उरले नव्हते. होते ते हे स्वयंपाकघर. बरे, आरोप खोटा म्हणावा, तर तेही त्यांना जमेना. तूप वाढताना त्यांचा हात कधी आखडला नव्हता, आणि त्याचा पुरावा त्या स्वतःच्याच अंगावर वागवत होत्या. कोठीच्या दारातून त्यांना तिरके होऊनच आत शिरावे लागे. देवाने आपल्याला अक्कलही दिली असणार, पण तीसुद्धा बहुधा कमरेलाच लागली, असे त्या स्वतःच सांगत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्रिंबकरावांकडे बाकीची छायाचित्रे पाहायला मागितली.

"हा बाक कशाला मिरवणुकीत?"

"बाक नव्हे बाई, घोडा आहे. सरकारांचा मोती."

"अगंबाई. मोतीला तर मी कधी जेवू घातलं नाही." त्या जरा पुढे वाकल्या. "आणि उंच नाही झाला तो. नुसता लांबलाय. हे चांदीचं ताटही बघा, अंड्यासारखं दिसतंय. यानं कुणाच्या हातचं तूप खाल्लं?"

"बाई, संगणकाचा विषय गहन आहे," त्रिंबकराव म्हणाले. "तुम्ही आमटीकडे बघा."

त्या गेल्या, पण आमटीकडे बघितले नाही. कणकेची दोन बाळसेदार माणसे केली. एक पोळपाटावर उभे ठेवले, एक आडवे, आणि दोन्ही एकाच दिशेने, डावीउजवीकडे ताणली. बराच वेळ त्या मान वाकडी करून पाहत राहिल्या. मग दोघांनाही तव्यावर टाकले, भाजले आणि खाऊन टाकले. सवय वाईट.

तिसऱ्या दिवशी दुपारी राजे संगणकासमोर येऊन बसले.

"त्रिंबकराव," द्वारकाबाई म्हणाल्या, "तेवढं चित्र आडवं फिरवा. सरकार निजल्यासारखे दिसले पाहिजेत."

"सरकारांना मी आडवे करू?"

"तुम्ही चित्राचं बघा. सरकारांचं मी बघते."

राजांनी मान हलवली, तेव्हा कुठे त्रिंबकरावांनी चित्र फिरवले. पडद्यावर एक लांबलचक, सडपातळ गृहस्थ पहुडले होते. पोट सपाट, मान बगळ्याची.

"झालात बारीक, सरकार. रेघ खोडली नाही."

राजांनी डोके खांद्यावर टेकवून निरखले. "मी पंचविशीतही असा नव्हतो. पण एकच माणूस उभा राहिला की रांजण आणि निजला की काठी, हे कसे?"

"माझं तूप लागलं असतं, तर निजतानाही लागलेलंच राहिलं असतं, सरकार. हा पडदाच सगळ्याला डावीउजवीकडे ओढतोय. उभ्या माणसाची रुंदी ओढतो, निजलेल्याची उंची."

राजे कारभाऱ्यांकडे वळले. "पडद्याला ओढायला कोणी सांगितले?"

त्रिंबकरावांनी घसा साफ केला. "सरकार, जुना पडदा चौकोनी होता. नवा रुंद आला, तेव्हा चित्र मधोमध बसायचे आणि कडांना दोन काळ्या पट्ट्या उरायच्या. आपण म्हणालात, राजाच्या पडद्याला काळी किनार कशाला, इथे काय सुतक आहे? पडदा भरलेला दिसला पाहिजे, असा हुकूम झाला. म्हणून मी तो ताणून बसवला."

"पडद्याऐवजी मीच भरलो तर," राजे म्हणाले, आणि इतके हसले की खुर्ची मागे सरकली. "आणि खापर फोडले तुपावर!"

त्रिंबकरावांनी लगोलग शोध घेतला. संगणकात अजून जुन्या पडद्याचेच मोजमाप चालू होते. त्यांनी नव्याचे निवडले. काळी किनार न येताही ताट गोल झाले, बाकाचा घोडा झाला.

राजांनी आपल्या लग्नातले सोन्याचे कडे मागवले आणि द्वारकाबाईंच्या हाती दिले. त्यांनी ते मनगटात घालून पाहिले. ते अंगठ्याच्या मुळाशीच अडले.

"याला मात्र पडद्याचा इलाज नाही, सरकार," त्या म्हणाल्या. "हे माझंच तूप."

सांगणारे हटकून सांगतात, की द्वारकाबाईंनी संगणक दुरुस्त केला. ते चूक आहे. त्यांनी त्याला बोटही लावले नाही, दुरुस्ती त्रिंबकरावांची. दुरुस्तीनंतर राजे सडपातळ दिसू लागले, हेही सांगणाऱ्यांच्या पदरचेच. ते होते तेवढेच दिसू लागले, आणि ते पुष्कळ होते.