येसाक्काची फेरी

नदीकाठचे गोटे घासून अकीक काढणारी येसाक्का जहागीरदारांच्या तलवारीच्या मुठीसाठी एक खडा घेऊन आली. दुधाळ दगडाच्या पोटात हिरवं झुडूप पसरलेलं. ते झुडूपही नव्हे आणि शेवाळही नव्हे, दगड घडतानाच आत उतरलेला रंग आहे, हे तीस वर्षं घासून घासून तिला कळलं होतं.

जहागिरीचे रत्नपारखी त्रिंबकशेट लोडाला टेकल्या टेकल्या म्हणाले, "काचेमागे रंग फासलाय. असे मी दहा करवून घेतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच तशी एक काच करवून आणली आणि जहागीरदारांसमोर तबकात तिच्या खड्याशेजारी ठेवली.

"यातला तुझा कुठला ते सांग. हात लावायचा नाही, तबक हलवायचं नाही. चुकलीस तर या बाजारात पुन्हा दिसायचं नाही."

वरून दोन्ही सारखेच दिसत होते. येसाक्काने पदर खोचला आणि तबकाभोवती सावकाश एक फेरी मारली.

"शेटजींच्या बाजूचा माझा."

"कशावरून?" जहागीरदारांनी विचारलं.

"माझ्या दगडात फांद्या एकीमागे एक खोल गेल्यात. मी सरकले की पुढची मागचीला झाकते. काचेमागच्या सगळ्या एकाच पातळीवर आहेत, कुठूनही बघा, तशाच."

"मग हे शेटजींना कसं दिसलं नाही?"

"ते बसून बघतात, सरकार."

जहागीरदार गादीवरून उठले. तबकाभोवती एकदा फिरले, मग पुन्हा एकदा फिरले.

"उठा, शेटजी," ते म्हणाले. "बाईंना बसू द्या."