समुद्रात गोडं पाणी

एकदा एक व्यापारी आपल्या वृद्ध गुरुजींकडे आला आणि वहाणा काढता काढताच म्हणाला, "गुरुजी, माझ्या घरातला समुद्र मरतोय."

वाक्य ऐकायला चमत्कारिक वाटेल, पण त्यात अतिशयोक्ती नव्हती. व्यापाऱ्याचं नाव भालचंद्र. समुद्रापासून खूप दूर, घाटावरच्या एका गावात त्याचं फरश्यांचं मोठं दुकान होतं आणि घराच्या दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची काचेची टाकी होती. टाकीत प्रवाळाचे खडक, निळे-पिवळे मासे, आणि मधल्या खडकाला चिकटून बसलेलं एक समुद्रफूल. नावाला फूल, पण तो प्राणी. त्याच्या मऊ, लांबट बोटांमध्ये नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या माशांची एक जोडी राहत असे. ती बोटं डंख करतात, म्हणून इतर मासे त्यांच्या वाटेला जात नाहीत. या जोडीला मात्र तेच घर. पाहुणे आले की चहाच्या आधी टाकी दाखवली जाई, आणि ती दाखवताना भालचंद्राचा आवाज थोडा मोठा होई.

ही टाकी उभी केली होती धाकट्या भावाने, दिगंबरने. तो किनाऱ्यावरच्या एका शहरात नोकरीला होता. मीठ मापाने पाण्यात विरघळवणं, खडक रचणं, समुद्रफूल पाण्याच्या पिशवीत घालून सबंध प्रवासभर मांडीवर सांभाळत आणणं, हे सगळं त्याने हौसेने केलं. पुढे वडील गेले. आदल्या दिवशी त्यांची प्रकृती ढासळली तेव्हा भालचंद्राने भावाला कळवलं नाही. उगाच धावपळ नको, उद्यापर्यंत सावरतील, असं त्याला वाटलं. दिगंबर पोहोचला तेव्हा चिता विझत आली होती. त्यावरून भांडण झालं नाही. झालं असतं तर एक वेळ बरं, असं मला वाटतं. बोलणं मात्र आटत गेलं, आणि आता समुद्रफूल मेलं तर भावाचं म्हणावं असं या घरात काहीच उरणार नाही, ही भीती भालचंद्राला गुरुजींच्या दारात घेऊन आली होती.

गुरुजींनी त्याला शाळेत विज्ञान शिकवलं होतं. त्यांच्याही घरी अशीच एक टाकी होती, आकाराने लहान, पण बरीच वर्षं सुखाने नांदणारी.

"काय होतंय त्याला?" त्यांनी विचारलं.

"मिटून बसलंय. बोटं आत ओढून घेतलीत, सुरकुतून पार सुपारीएवढं झालंय. ती माशांची जोडी कोपऱ्यात धापा टाकतेय. आणि गुरुजी, मी हयगय कधी केली नाही हो. पाणी जरा कमी झालं की लगेच भरतो."

"कुठलं पाणी?"

"खारंच की. दिगूने आणून दिलेलं मीठ कालवून, अगदी मापात."

गुरुजी उठले, फिल्टरचं पिण्याचं पाणी भरून ठेवलेला तांब्या त्यांनी उचलला आणि आपल्या टाकीत हळूहळू रिकामा केला.

भालचंद्र जागेवरून उठलाच. "अहो गुरुजी, ते साधं पाणी आहे. मरतील ना सगळे."

"बस. रोज हेच करतो मी."

टाकीतल्या माशांनी या पाहुण्या पाण्याची दखलही घेतली नाही. गुरुजींचं समुद्रफूल आपली बोटं पसरून निवांत डुलत होतं.

"टाकीतलं पाणी कमी होतं, ते जातं कुठे?" गुरुजींनी विचारलं.

"वाफ होऊन उडतं. वर दिव्याची ऊब असते ना."

"आणि मीठ?"

भालचंद्राची नजर टाकीच्या काठावर साचलेल्या पांढऱ्या पापुद्र्यावर गेली.

"मिठागराचा धडा मी घेतला होता वर्गात," गुरुजी म्हणाले. "त्या दिवशी तू मागच्या बाकावर चिंचा खात होतास, हेही मला आठवतंय. उडतं ते नुसतं पाणी, बाबा. मीठ आहे तिथेच राहतं. जे गेलं ते भरायचं सोडून तू जे आधीच होतं तेच परत परत घालत आलास. मापात घातलंस हे खरं. पण ते माप पहिल्या दिवसाचं होतं."

मग गुरुजींनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "टाकी दिगंबरची. त्याला का नाही विचारलंस?"

"त्याच्याशी बोलणं होतच नाही हल्ली. मी फोन करतो, तो हं हं करतो आणि ठेवून देतो."

"तू काय बोलतोस?"

"तेच. त्या दिवशी का कळवलं नाही ते. डॉक्टर काय म्हणाले होते, माझ्या मनात काय होतं, सगळं नीट समजावून सांगतो. माफी मागतो. दर वेळी मागतो, गुरुजी, अगदी मनापासून." एवढा मोठा दुकानदार, पण त्याला डोळे पुसायला रुमाल सापडेना.

गुरुजींनी रिकामा तांब्या त्याच्यासमोर ठेवला. "माफी मागितलीस हे चांगलं केलंस. ती एकदा मागायची होती, आणि त्याला ती पोचली आहे. वडिलांचं शेवटचं दर्शन चुकलं, हे दुःख तुम्हा दोघांत राहणारच. ते उपसून टाकायला जाऊ नकोस. मीठच नसलं तर तो समुद्र कसला? पण भावाभावांतलं रोजचं बोलणं उडून गेलंय, ते कोण भरणार? जेवलास का, पोरीचा खोकला थांबला का, तिकडे उकाडा किती आहे. ते आटत चाललंय आणि तू वरून तेच दुःख कालवून ओततोस. त्याने मिटून नाही बसायचं तर काय करायचं?"

भालचंद्राने तो तांब्या हळूच जवळ ओढला.

"आणि घाई नको," गुरुजी पुढे म्हणाले. "एकदम बादलीभर गोडं पाणी ओतलंस तर तेही सोसणार नाही. थोडं काढायचं, थोडं घालायचं. रोज."

हे टाकीबद्दल की भावाबद्दल, असं भालचंद्राने विचारलं नाही.

तो घरी गेला आणि सांगितल्याप्रमाणे वागला. हळूहळू पाण्याचा खारटपणा उतरला, समुद्रफुलाने आधी दोन-तीन बोटं बाहेर काढली, मग सगळी. एका सकाळी पाहतो तर ते आपल्या खडकावर नव्हतं. घाबरून त्याने फोन लावला.

"दिगू, अरे तुझं फूल जागा सोडून निघालंय. सरकत सरकत पार डावीकडच्या काचेपाशी गेलंय. उचलून परत ठेवू का?"

पलीकडे दिगंबर नेहमीच्या स्पष्टीकरणाची वाट पाहत असावा. ते आलं नाही.

"हात लावू नकोस," तो शेवटी म्हणाला. "ते आपली जागा आपणच शोधतं. उजेड बदललाय का तिकडचा?"

पडदे बदलले होते. मग पडद्यांवर बोलणं झालं, माशांच्या खाण्यावर झालं, दिगंबरच्या मुलीच्या शाळेवर झालं. भालचंद्राचा चहा कपात तसाच राहिला.

"आणि पाणी कमी झालं की कुठलं घालतोस?" दिगंबरने विचारलं.

"आता गोडं. मधे कितीतरी दिवस खारंच घालत होतो. मरायलाच टेकलं होतं ते."

"अरे, मग मला कळवायचं नाही का?"

हे शब्द तोंडून गेले आणि ते कुठून आले ते दोघांनाही एकदमच कळलं. भालचंद्राच्या जिभेवर डॉक्टर आले, ती शेवटची संध्याकाळ आली, स्वतःचा चांगला हेतू आला. त्याने ते सगळं गिळलं.

"यापुढे कळवत जाईन," तो म्हणाला.

दिगंबरने विचारलं, "जेवलास का?"