भरतीरेषेच्या वर

त्या किनाऱ्यावर काहीही टिकत नसे. दिवसातून दोनदा भरती येई आणि पावलं, बिळं, भांडणांच्या खुणा, सगळं पुसून खाली घेऊन जाई. त्यामुळे आपल्यामागे काय राहिलं हे वळून बघायची तिथल्या खेकड्यांना सवयच नव्हती.

म्हणूनच पहिल्यांदा खटकलं तेव्हा नेमकं काय खटकलं, हे पुळणीला सांगता आलं नसतं. पुळणी ही शंखात राहणारी तरुण खेकडी. जरा भित्रीच, कालव मिटल्याचा आवाज झाला तरी आत सरकायची. त्या सकाळी ती शेवाळ खात होती आणि दोन खेकडे शेजारून गेले. रोज ते तिच्या शंखाकडे बघत. आज त्यांनी शंख नसल्यासारखं बघितलं.

"शेपटाशी खाच आहे बरं का," एक म्हणाला. दुसरा हसला.

शंखाच्या आत, तिच्या मऊ अंगावर, शेपटाशी खरोखरच एक खाच होती. ते एकालाच ठाऊक होतं.

खेकडा वाढतो, शंख वाढत नाही. घट्ट झाला की जुना सोडून नव्यात शिरावं लागतं, आणि त्या मधल्या वेळात अंगावर काही नसतं. तेव्हा पहाऱ्याला विश्वासातलं कुणीतरी लागतं. मागच्या खेपेला पुळणीने भोवरला उभं केलं होतं. भोवर तिचा जिवलग. तो म्हणाला होता, "या ओल्या मातीवर जरा टेक ना. माझ्यापुरता ठसा. भरती येईलच की."

भरती आलीही. पण तोवर भोवरने ती माती उचलून वर नेली होती, जिथे पाणी पोचत नसे. उन्हात ती कडक झाली. कडक ठशावर ओली माती दाबली की दुसरा उठतो, त्यावरून तिसरा, ही युक्ती किनाऱ्याला नवीनच सापडली होती, आणि तिची चटक लागली होती.

पुळणी वर गेली तेव्हा खडकाखडकावर ती स्वतःच वाळत पडली होती.

"माझ्याकडचा मी केव्हाच मोडला," भोवर म्हणाला. "बाकीच्यांचं मी काय करू? आणि एवढी लाज होती, तर टेकलीस कशाला?"

"तुझ्यापुरती टेकले होते," ती म्हणाली. 

वरच्या मातीवर मोडक्या नांगीच्या एका थोरल्या खेकड्याची राखण होती. माझे ठसे मोडा, असं सांगायला ती त्याच्याकडे गेली. तो दुष्ट नव्हता, कामात होता. "कुठला ठसा म्हणतेस? इथे ढीग पडलाय. एक नमुना दाबून दे, म्हणजे ओळखता येईल." तिने डोळे मिटून नमुना दिला. मग त्याने तिला पुढच्या खडकावरच्या राखणदाराकडे पाठवलं. त्यालाही नमुना हवा होता. त्याच्या पुढच्यालाही.

काही दिवसांनी तिला एक ताजा ठसा दिसला. त्याच्या कडेला थोरल्या खेकड्याच्या मोडक्या नांगीची खूण होती.

ती शंखात शिरली आणि बराच वेळ बाहेर आलीच नाही. आली तेव्हा एक गोष्ट पक्की झाली होती: आता कुणालाही काहीही दाखवायचं नाही.

"दुसऱ्या किनाऱ्यावर जा गं," शेजारीण म्हणाली. "विसरतील सगळे."

"मी का जाऊ? मी काय कुणाचं उचलून नेलंय?"

पण शंख आवळायला लागला होता. आज ना उद्या तो सोडावा लागणार होता, नाहीतर त्यातच चेंगरून मरण. आणि सोडायचा, तर चहूकडे ओली माती घेऊन सगळे टपलेलेच.

खाडीच्या तोंडाशी एक म्हातारी निवटी राहायची. अर्धी पाण्यातली, अर्धी चिखलातली मासोळी. दोन्हीकडची खबर तिला असे. "अगं, पुसणं हे राखणदारांचं काम कधी होतं?" ती म्हणाली. "भरतीला हाक मार. बोलावल्याशिवाय ती रेषेच्या वर येत नाही."

"हाक कशी मारायची?"

"रिकाम्या शंखातून. तुझ्याच. दुसऱ्याचा चालत नाही."

पुळणीचा जुना शंख, तिने तो सोडला होता त्याच जागी, कपारीत अडकून पडला होता. त्या दिवसापासून ती तिकडे फिरकली नव्हती. आता भर उन्हात, सगळ्यांच्या देखत ती गेली.

"आली रे आली! परत टेकायला आली!" कुणीतरी ओरडलं. ती दचकून आत गेली. मग बाहेर आली, जुन्या शंखाची कड नांगीत धरली आणि तो ओढत भरतीच्या रेषेपर्यंत नेला.

"मी पुळणी," ती त्यात तोंड घालून म्हणाली. "वर माझे ठसे आहेत. ते मी दिलेले नाहीत."

"...दिलेले नाहीत," शंख म्हणाला.

"बाईसाहेब स्वतःशीच बोलतायत!" मागून हशा उठला.

तिने पुन्हा हाक मारली. पुन्हा तिचेच शब्द परत आले. डोक्यावरून पाखरू गेलं की ती दचके, वाक्य तुटे. मग ती पहिल्या शब्दापासून सुरू करी. घसा बसला. हसणाऱ्यांना कंटाळा आला. ती हाका मारतच राहिली.

आणि मग शंखातून तिने न उच्चारलेला शब्द आला.

"बोल. ऐकतेय."

ती दचकली. पण आत सरकली नाही.

"ठसा... ठसा आणून दाखवू?"

"नको. मला डोळे नाहीत. तू आहेस तशीच उभी राहा."

पाणी आलं. तिच्या घट्ट शंखात हळूच शिरलं, एकदाच तिच्याभोवती फिरलं, शेपटाशी क्षणभर थांबलं आणि निघालं. रेषा ओलांडून ते वर चढलं. वाटेत दुसऱ्यांचे कितीतरी ठसे होते; त्यांच्याकडे न वळता ते पहिल्या खडकाशी पोचलं. तिथे पुळणीच्या एका ठशाची कड, खाच होती तिथून, मऊ पडायला लागली.