मुखवटेकाराने ठेवलेला कारकून

ही गोष्ट फार फार जुनी आहे. इतकी जुनी, की तेव्हा राजेलोक खेळ बघायला वेळेवर येत.

एका डोंगराच्या पायथ्याशी एक मुखवटेकार राहत असे. उत्सवात सोंगं नाचवायची त्या मुलखाची रीत होती, आणि सोंगांचे मुखवटे हा पांगाऱ्याच्या लाकडातून कोरून देई. त्याच्या हातात जादू होती. त्याने कोरलेला वाघ ओसरीवर वाळत ठेवला, की गावातली कुत्री दुसऱ्या वाटेने जात.

ही जादू मनगटापाशी संपत होती, एवढीच अडचण. कुणी काय सांगितलं ते त्याच्या डोक्यात राहत नसे. एका गावाने नरसिंह मागितला, त्यांना गणपती गेला. प्रल्हाद ओरडून थकला, पण खांबातून बाहेर आली ती सोंडच. दुसऱ्या गावच्या थोराड गड्याला लहान मापाचा रावण मिळाला. तो डोक्यात असा अडकला, की लंका जळून गेली तरी निघेना. बिचारा घरी जेवायला दहा तोंडांनिशी बसला.

शेवटी बायको म्हणाली, "अहो, लोक आता पलीकडच्या खोऱ्यातल्या मुखवटेकाराकडे जायला लागलेत. एक लिहून ठेवणारा माणूस ठेवा."

"मी कलावंत आहे," तो म्हणाला.

"म्हणून तर म्हणते."

तिघे जण आले. पहिला म्हणाला, "मी भराभर लिहितो." दुसरा म्हणाला, "माझं अक्षर मोत्यासारखं आहे." तिसऱ्याचं नाव अंतोबा. नाक लांब, कान पुढे आलेले, डावी भुवई कायम वर चढलेली. त्याने स्वतःबद्दल काहीच सांगितलं नाही. उलट विचारलं, "मालक, गेल्या महिन्यात कुणाचं काय द्यायचं राहून गेलं?"

मुखवटेकाराने बराच विचार केला. "आठवत नाही."

"मग मी आजच बसतो," असं म्हणून अंतोबाने ओसरीवर चटई पसरली.

त्या दिवसापासून वहीत ओळी पडू लागल्या: गाव कोणतं, सोंग कोणतं, ते नाचवणार कोण, त्याचं कपाळ किती बोटं, हवं कधी. येणाऱ्याचं अंतोबा शांतपणे ऐकून घेई, भुवईने एकदा पुन्हा विचारी, आणि मग लिही. नरसिंह नरसिंहाच्या गावी जाऊ लागला. रावण खेळानंतर एकाच तोंडाने जेवू लागले. गेलेली गावं परत आली.

मुखवटेकार सुखी व्हायला हवा होता. झालाही, पंधरा दिवस.

मग त्याच्या कानावर एकेक पडू लागलं. एक म्हातारा पाटील मुखवटा घेऊन निघाला. जाता जाता म्हणाला, "अंतोबा, तुझ्यामुळे यंदा गावाची लाज राहिली हो!" मुखवट्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. कुणी फणस आणला, तो चटईपाशी ठेवला. पाहुणे आले की आधी चटईवर टेकत आणि मग आत डोकावून विचारत, "काय, बरं आहे ना?"

"त्याच्या भाकरीवर लोणी जास्त आहे," एके दुपारी मुखवटेकार बायकोला म्हणाला.

"तुमच्याही भाकरीवर तेवढंच आहे."

"मग ते त्याच्या भाकरीवर उठून का दिसतं?"

यावर बायको ताक घुसळायला गेली. शहाणी होती.

एकदा मत्सर मनात उतरला, की माणूस फार बारकाईने काम करू लागतो. ज्याला कालचं बोलणं आठवत नसे, त्याला गेल्या आठवड्यात अंतोबाशी कोण किती हसून बोललं ते तोंडपाठ होतं.

अशात राजाचा दूत आला. राजवाड्यात उत्सवाचा खेळ होणार होता. त्यासाठी दोन मुखवटे हवे होते, एक शहाण्या प्रधानाचा आणि एक मूर्ख विदूषकाचा. पसंत पडले, तर राजाचा मुखवटेकार म्हणून मानाचा शेला मिळणार होता. उभ्या आयुष्यात मुखवटेकाराने दुसरं काही मागितलं नव्हतं. तो हात जोडून उभा राहिला.

घोड्यावर बसता बसता दूत म्हणाला, "आणि येताना तुमच्या त्या कारकुनाला आणा. राणीसाहेबांनी त्याचं नाव ऐकलंय."

झालं. त्याच क्षणी मुखवटेकाराने ठरवलं, विदूषकाला अंतोबाचा चेहरा द्यायचा. भर दरबारात राजापासून भालदारापर्यंत सगळे त्या नाकाला हसतील, मग बघू चटईवर कोण बसतं.

महिनाभर तो दाराआडून अंतोबाला न्याहाळत होता. नाक कुठे वळतं, भुवई किती चढते, ऐकताना डोळे कसे होतात, सगळं टिपलं आणि लाकडात उतरवलं. प्रधानाच्या मुखवट्याला शेवटचे दोन दिवस उरले. दोन दिवसांत जेवढा प्रधान होतो, तेवढा झाला.

अंतोबा माप घ्यायला आला. विदूषकाकडे बराच वेळ बघत राहिला.

"मालक, नाक अर्धं बोट जास्त झालंय."

"मापाप्रमाणेच आहे."

"कुठल्या मापाप्रमाणे?"

"तुम्ही कपाळ मोजा," मुखवटेकार म्हणाला.

अंतोबाने कपाळ मोजलं आणि वहीत लिहिलं. मग चटईवर जाऊन, कुणी बघत नाही असं पाहून, स्वतःच्या नाकावरून एकदा बोट फिरवलं.

खेळाच्या दिवशी दरबार भरला. प्रधान आला आणि म्हणाला, "महाराज, प्रजा सुखात आहे." कुणाचा विश्वास बसला नाही. मग विदूषक आला. कोपऱ्यात दोघे-तिघे हसले आणि गप्प झाले. विदूषकाचं वाक्य होतं, "महाराज, विहीर आटली, आता बेडकांना पोहायला शिकवणार कोण?" पण "विहीर आटली" एवढं ऐकताच राजा आसनावरून अर्धा उठला आणि म्हणाला, "कुठली विहीर?"

मुखवटेकाराला आता कळलं. महिनाभर तो अंतोबाच्या चेहऱ्यात दोष शोधत होता. पण त्याचा हात खोटं कोरायला कधी शिकलाच नव्हता. दिसलं तेच लाकडात आलं होतं. ऐकून घेणारे डोळे, पुन्हा विचारणारी भुवई. असा चेहरा काहीही बोलला, तरी खराच वाटणार.

"थांबा," राजा म्हणाला. "मुखवट्यांची अदलाबदल करा."

खेळ पहिल्यापासून झाला. या वेळी लोक हसायच्या जागी हसले आणि प्रधान बोलला तेव्हा सगळे सावरून बसले. तोवर तिसऱ्या रांगेतल्या अंतोबाकडे बोटं जाऊ लागली होती.

राजाने मुखवटेकाराला पुढे बोलावलं. "हा चेहरा कुणाला बघून केलात?"

"असाच सुचला, महाराज."

"अस्सं. आणि हा दुसरा कुणी केला?"

"मीच."

"तो करताना तुमचं लक्ष कुठे होतं?"

मुखवटेकाराला उत्तर माहीत होतं. ते तिसऱ्या रांगेत बसलं होतं.

"एक मुखवटा जीव ओतून आणि एक उरकून, असा माणूस मला चालायचा नाही," राजा म्हणाला. मानाचा शेला पलीकडच्या खोऱ्यातल्या मुखवटेकाराला गेला. अंतोबाला मात्र राजाने दफ्तरावर ठेवून घेतलं.

निघताना अंतोबाने वाकून नमस्कार केला. "मालक, वही ओसरीवरच आहे. पुढच्या चार महिन्यांचं लिहून ठेवलंय."

पुढे त्या प्रधानाची कीर्ती खोऱ्याखोऱ्यांत पसरली. जो तो तोच चेहरा मागू लागला. गावकरी दारात येऊन सांगत, "प्रधान नको, अंतोबा द्या." मुखवटेकार मान खाली घालून कोरायला बसे. हात थरथरू लागेपर्यंत त्याने दुसरं फारसं काही कोरलं नाही.

त्या मुलखात तो मुखवटा पुढेही अंतोबा याच नावाने नाचत राहिला. तो प्रथम कोरला कुणी, हे तिथे कुणाला सांगता येत नाही. मीही पुष्कळ चौकशी केली. कळलं असतं, तर त्याचं नाव या गोष्टीत घातलं असतं.

तात्पर्य: ज्याचा आपण मत्सर करतो, त्याचीच मूर्ती आपल्या हातांनी घडवत बसतो.